खांद्यावरची फटफटी

पुण्यात आमच्या शेजाऱ्यांना यवतमाळ म्हटलं की एकच प्रश्न पडतो: तिथे पाहण्यासारखं काय आहे? लेणी नाहीत, समुद्र नाही, नाव घ्यावं असा गडही नाही. मी उत्तर देतो, रस्ते आहेत. मग ते एकमेकांकडे बघतात आणि विषय बदलतात.

मी गुरांचा डॉक्टर. नोकरीतली बारा वर्षं मी त्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर काढली. आधी सायकलवर आणि दुसरी मोठी लढाई संपल्यावर फटफटीवर. लष्कराने मोडीत काढलेली एक अवजड, हिरवट फटफटी खात्याने माझ्या गळ्यात बांधली. तिच्यावर बसलं की माणूस आपोआप साहेब होई. निवृत्त होऊन मी मुलाकडे पुण्याला आलो, गुडघ्याला तेल लावू लागलो, आणि रिकाम्या दुपारी ते रस्ते आठवू लागले. आठवणी बहुतेक सुखाच्या होत्या. एक नव्हती.

उमरखेडच्या पलीकडे एका गावात उकंडा नावाचा माणूस होता. माझ्या फटफटीपायी त्याला इजा झाली होती. मी तेव्हा थांबलो नाही आणि नंतर कधी फिरकलो नाही. पंधरा वर्षं उलटली. तो जिवंत आहे का, आणि असला तर त्याच्यापुढे उभं राहण्याची माझी हिंमत आहे का, एवढं मला पाहायचं होतं. बायकोला हे सांगितलं नाही. तिला म्हणालो, जुने रस्ते एकदा सायकलने फिरून येतो. ती म्हणाली, "साठीला आलात आणि आता बुद्धी नाठी झाली," आणि पिशवीत लोकरीची टोपी कोंबली.

संयुक्त महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. महिना मार्गशीर्ष.

बोरी अरब

बोरी अरबला माझा जुना कंपाउंडर रामराव राहतो. सायकल त्याची. चोवीस इंची, काळी, मागे भक्कम कॅरिअर. रामरावने आयुष्यभर माझी औषधाची पेटी उचलली, त्यामुळे मला टोमणे मारण्याचा हक्क त्याने मिळवलेला आहे.

"साहेब, फटफटीवर बसनाऱ्या मानसाले सायकल झेपन का?" त्याने सीट खाली करत विचारलं. "पयले अंगनात दोन चकरा मारा. पडले तं अथीच पडा, घरचे घरी."

मी पडलो नाही, पण उतरताना धोतर साखळीत अडकलं आणि फाटलं. रामरावच्या बायकोने काही न बोलता सुई-दोरा आणून दिला. सकाळी सहालाच तिने ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी वाढली. पुण्यात या वेळेला मला चहा आणि दोन बिस्किटं मिळतात, आणि तीही मोजून. इथे पानातली भाकर संपायच्या आत दुसरी पडते. "नको" हा शब्द वऱ्हाडात जेवताना कोणाला ऐकू येत नाही.

निघताना रामराव हळूच म्हणाला, "उकंड्याच्या गावाले जाता ना?" त्या दिवशी तो माझ्या मागच्या सीटवर होता. त्याने सारं पाहिलं होतं. मी मान हलवली. "जा मंग," तो म्हणाला. त्याने हँडलला पाण्याची बाटली अडकवली आणि घरात गेला.

दारव्हा, दिग्रस

सायकलवर बसलो आणि पहिल्या मैलातच कळलं की फटफटी आल्यापासून हे रस्ते मी नीट पाहिलेच नव्हते. फटफटीवर असताना माझ्या कानांत इंजिन असे आणि डोळ्यांत पुढचा खड्डा. आता दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली, पांढरी; बायका ओटीत कापूस वेचत एकमेकींशी बोलत होत्या आणि त्यांचं बोलणं मला रस्त्यावर ऐकू येत होतं. तुरीच्या ओळीतून सातभाईंचा थवा भांडत गेला. एका म्हाताऱ्याने बैलबंडी बाजूला घेतली, मला वाट दिली आणि विचारलं, "कोन्या गावचे?" फटफटीच्या काळात हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. आवाज ऐकूनच लोक रस्त्यावरून उतरत, बैल बुजत, आणि मी धुरळा उडवून निघून जाई.

पण खोटं कशाला सांगू? त्या धुरळ्यातही सुख होतं. दारव्ह्याच्या पुढे एक लांब उतार आहे. तिथे मी इंजिन बंद करून फटफटी सोडून देत असे आणि रामराव मागे देवाचं नाव घेत असे. त्या उतारावर या खेपेला मी पॅडल मारणं थांबवलं. वारा कानात शिरला, टोपी उडाली, आणि एकट्याच्या तोंडून "हे!" असा आवाज निघाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. शेतातल्या बायका हसल्या. मी परत चढ चढून टोपी आणली आणि त्यांना हसायला आणखी कारण दिलं.

दिग्रसला पोचेपर्यंत मांड्या बधिर झाल्या होत्या. धर्मशाळेत निखाऱ्यावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी मिळाली. जेवलो आणि आडवा झालो.

तांडा

दुसऱ्या दिवशी पुसदच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. समोर बंजाऱ्यांचा तांडा दिसत होता. सायकल ढकलत तिथे गेलो. पुण्यात पंक्चर झालं की ते ज्याचं त्याचं असतं. इथे पाच मिनिटांत माझं पंक्चर तांड्याचं झालं. तांड्याचे नाईक, पांढऱ्या मिशांचे, झाडाखाली बसले होते. "आव, बेस," म्हणाले. त्यांनी बायकोला हाक मारून परात मागवली. ती आरशांची चोळी आणि हातभर बांगड्या सावरत आली. आपल्या कणकेच्या परातीत माझी धुळीची ट्यूब बुडलेली पाहून तिने नवऱ्याला त्यांच्या गोरबोलीत असं काही ऐकवलं की भोवतालची माणसं खो खो हसली. त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नाही.

बुडबुडे कुठून येतात ते पाहत असताना मी माझी ओळख दिली. नाईकांनी कपाळाला हात लावला.

"तुमी ते फटफटीचे डाक्टर! अरे बावा! तुमी सुई टोचाले येत, आन तुमच्या फटफटीचा आवाज आला का आमची ढोरं जंगलात पळत. मंग तुमी पाटलाले सांगत, तांड्याचे लोक ढोरं लपवते. ढोरं आमी नाही लपवली, तुमीच पळवली!"

मी थक्क झालो. दर वर्षी मी अहवालात लिहीत असे, तांड्यावरचे लोक सहकार्य करीत नाहीत. फटफटीच्या त्या सगळ्या वर्षांत एकदाही मला मैलभर अलीकडे फटफटी थांबवून चालत यायचं सुचलं नव्हतं. मीही हसलो.

पंक्चर निघालं. बाजरीची जाड भाकरी आणि दूध समोर आलं. नाईक त्यांच्या आजोबांच्या काळचं सांगत होते. तेव्हा त्यांचे लोक शेकडो बैलांवर मीठ आणि धान्य घालून मुलूख ओलांडत. "आमच्यात एक रीत होती," ते म्हणाले. "मुक्कामाले ओझं उतरलं का नाईक पयले बैलाची पाठ पाहे. कुठी सोललं, कुठी फोड आला. हात फिरवून पाहे. मंगच आपल्या तोंडाले पानी लावे. ज्यानं ओझं आनलं त्याची पाठ पयले. पानी मंग."

माझ्या हातात दुधाचा पेला होता. तो मी खाली ठेवला. मी गुरांचा डॉक्टर. बैलाची पाठ आणि खांदा मीही हजार वेळा पाहिला होता. पण ज्याने माझं ओझं वाहिलं त्याच्या खांद्याकडे मी पाहिलं नव्हतं. नाईकांनी विचारलं, दूध आवडलं नाही का. मी ते पिऊन टाकलं.

नदी

पुसद ते उमरखेड हा डोंगराचा तुकडा मी निम्मा चालत काढला. सागाची पानं वाळू लागली होती, हवा गार होती, आणि एरवी मी त्या वाटेचं कौतुक पानभर केलं असतं. पण मन पुढे गेलं होतं. उमरखेडहून चौथ्या सकाळी ढाणकीच्या बाजूला निघालो आणि नऊच्या सुमारास नदीवर आलो.

नदी तीच. पूल अजून नाही. काठावर कुंपणाचे काटे तोडणारा एक शेतकरी म्हणाला, "पूल मंजूर हाय. कागदावरून गाड्या चालून राह्यल्या." मी उकंडाची चौकशी केली. "हाय ना," तो म्हणाला, "पल्याड, बौद्धवाड्यात."

जिवंत होता. मी काठावरच्या दगडावर बसलो. आता ते सांगायलाच हवं.

त्या वर्षी भाद्रपदात पलीकडच्या गावात बुळकांडी आली होती. बुळकांडी म्हणजे गुरांची पटकी. गोठेच्या गोठे रिकामे करते. लस थर्मासमध्ये बर्फात ठेवलेली. बर्फ विरघळला की लस म्हणजे नुसतं पाणी. मी उमरखेडहून फटफटी बेफाम हाणत इथे आलो, तर नदीला छातीइतकं पाणी. पाटलाने कोतवालाला पिटाळलं, कोतवालाने महारवाड्यातून चार माणसं आणली. साहेबाची गाडी नदी ओलांडून देणं हे त्यांचं कामच, असं सगळे धरून चालत, मीही. आधी पाच-सहा वेळा त्यांनी ती नेली होती. चाकांतून दोन बांबू घालायचे आणि पालखीसारखी उचलायची.

रामराव म्हणाला होता, साहेब, इंजिन तापलंय, जरा निवू द्या. मी थर्मास हलवून पाहिला आणि म्हणालो, उचला.

मधोमध पाणी वाढलं, तेव्हा त्यांनी फटफटी बांबूसकट खांद्यावर घेतली. मी मागून रामरावचा हात धरून चालत होतो. मला धूर दिसला. जळत्या कातडीचा वास आला. सायलेन्सरची नळी त्या चौघांतल्या उकंडाच्या उघड्या खांद्यावर टेकली होती. त्याच्या तोंडून आवाज निघाला, आणि मी ओरडलो, "सोडू नका! मशिनला पाणी लागेल! सोडू नका!"

त्याने सोडलं नाही. पलीकडच्या काठापर्यंत त्याने सोडलं नाही.

काठावर मी पेटी उघडली. जुवाने सोललेल्या बैलाच्या खांद्याला लावायचं मलम तीत होतं. तेच दोन बोटं त्याच्या खांद्याला फासलं, "बरं होईल रे," म्हणालो, आणि किक मारली. लस वाचली, गावची गुरं वाचली, पाटलाने हार घातला. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या वाटेने परतलो. महिन्याभराने बदली झाली. गुरं वाचवल्याचा दाखला मी अनेक वर्षं स्वतःला वाचून दाखवला. तो खोटा नाही. पण तो मलमाची डबी झाकत नाही.

आता पाणी मांडीपर्यंत होतं. मी धोतर खोचलं आणि सायकल खांद्यावर घेतली. शेतकरी मदतीला उठला. मी नको म्हटलं. चोवीस इंची सायकल काही फार जड नसते, पण पाण्यात दगड हलतात, पॅडल बरगडीत रुततं, आणि खांद्यावरची दांडी दर पावलाला एकाच जागी टेकते. दोनदा थांबलो. फटफटी किती जड होती, हे मला पंधरा वर्षांनी नदीच्या मध्यावर कळलं.

उकंडा

घर शेणाने सारवलेलं, दाराशी तुळस नव्हती, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. पन्नाशीचा उंच माणूस ओसरीवर दोर वळत होता. मी सवयीने रामराम म्हटलं. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "जयभीम." मग माझ्याकडे नीट पाहिलं. त्याने हातातला दोर बाजूला ठेवला.

"फटफटीचे डाक्टर," तो म्हणाला. प्रश्न नव्हता.

त्या काळी मी त्याला उकंड्या म्हणत असे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, असं नाव ठेवलं की पोर जगतं म्हणून. आता मी म्हणालो, "उकंडाजी, बसू का?"

"बसा ना. मना कोन करते?"

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यापुढे धरून थांबली. मी तो घेतला आणि खाली ठेवला. तिचा चेहरा ताठ झाला. तिला वाटलं, त्यांच्या घरचं पाणी मला चालत नाही. मी घाईने म्हणालो, "पितो, बाई. आधी त्यांचा खांदा पाहू द्या. मग पितो."

मग उकंडाने बंडीचं बटण काढलं आणि खांदा उघडा केला. वीतभर लांब, चकचकीत, गुलाबीसर व्रण. मध्ये मांस खाली बसलेलं. मी हात फिरवून पाहिला. माझं हे रोजचं काम. मग मी तांब्याभर पाणी प्यालो.

"दोन म्हयने एका कुशीवर निजत होते," त्याची बायको म्हणाली. "पिकलं होतं. ताप येत होता. मोळ्या मी वायल्या. तुमाले कायचं मालूम असन?"

"नव्हतं माहीत," मी म्हणालो. "विचारलंच नाही. उकंडाजी, मी माफी मागायला आलो. भाजल्याची आहेच, पण त्याहून त्या मलमाची. ते मलम—"

"बैलाचं होतं," तो शांतपणे म्हणाला. "मले तवाच मालूम होतं. डबीवर बैलाचं चित्र होतं. मले वाचता येत नोतं, पन बैल तं दिसते ना."

मी तांब्या खाली ठेवला.

"कोनाले सांगतलं नाही मी," तो पुढे म्हणाला. "सांगतलं असतं तं लोकं हासले असते. छप्पन साली नागपूरले गेलतो, दीक्षेले. तथी लाखानं लोक होते. मले आपला हा खांदा आठवला. परत आलो आन पाटलाले सांगतलं, मेलेलं ढोर आता तुमीच वढा. आन कोनाची गाडी आमी नदीतून नेत नाही. सारं गाव खवयलं. चार म्हयने काम नोतं. पन मंग ज्याचं ढोर मेलं त्यानंच वढलं. काय करन?"

"मला माफ कराल?" मी विचारलं.

त्याने दोर पुन्हा हातात घेतला. "तुमी इतक्या दुरून आले, सायकल खांद्यावर घेऊन आले, मी पाह्यलं अथून. बरं वाटलं. पन माफ केलं म्हनलं तं तुमी मोकये. माहा खांदा तं अथीच राह्यते. मी कायले खोटं बोलू?"

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते सोसणं कठीण होतं. मी म्हणालो, बरोबर आहे. बायकोने आतून भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांचं वरण आणलं. आम्ही तिघं ओसरीवर जेवलो. बोललो ते पिकाचं. परत गेल्यावर या प्रवासाबद्दल लिहीन असं मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "गावाचं नाव नोका लिहू. माहं लिहा." म्हणून तसं केलं आहे.

मी उठलो, तेव्हा त्याने विचारलं, "ते फटफटी कुठी हाय आता?"

"भंगारात गेली."

"अरेरे," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "मले एकडाव बसायचं होतं तिच्यावर. सहा खेपा नेलं मी तिले. ते माह्यावर बसली, मी तिच्यावर कंदीच नाही."

मग त्याची नजर कुडाला टेकलेल्या सायकलवर गेली. "हे चालवता येते का या वयात?"

"मी चालवतोच आहे."

"तुमाले पयलेच येत होती. मले शिकवान का?"

"काहून पडता आता?" बायको म्हणाली. पण तिनेच कोंबड्या हाकलून वाट मोकळी केली.

घरापुढून ढाणकीच्या रस्त्याकडे जाणारी गाडवाट सरळ आणि सपाट होती. तो सीटवर बसला. उंच माणूस, पाय सहज टेकत होते. मी डाव्या हाताने सीट आणि उजव्याने कॅरिअर धरलं. चाक हललं. हँडल वेडंवाकडं फिरू लागलं आणि त्याचा सगळा भार माझ्या हातांवर आला.

"सोडू नोका, डाक्टर!" तो ओरडला. "सोडू नोका!"

मी धावलो. सकाळी सायकल वाहिलेला खांदा ठणकत होता, गुडघे बोंबलत होते, छाती भात्यासारखी चालत होती. वाटेच्या टोकाला आम्ही वळलो, परत आलो, पुन्हा गेलो. सायकल शिकवणारे एक लबाडी करतात. धरलंय, धरलंय म्हणतात आणि न सांगता सोडून देतात. शिकवण्याची तीच रीत आहे. मुलाला मीही तसंच शिकवलं होतं. इथे मी ती केली नाही. चार खेपांनंतर हँडल स्थिर झालं, माझ्या हाताची गरज उरली नाही, हे मला कळत होतं. तरी मी धरून धावत राहिलो. कधी सोडायचं ते आता त्याने सांगायचं होतं.

सहाव्या खेपेला त्याने मागे न पाहता म्हटलं, "सोडा आता."

मी सोडलं. उकंडा बाभळीपर्यंत गेला, बाभळीच्या पुढे गेला, ढाणकीच्या रस्त्याला लागला. त्याची बायको कमरेवर हात ठेवून माझ्याशेजारी उभी होती. तो लवकर वळला नाही, आणि परत ये म्हणून आम्ही दोघांनीही हाक मारली नाही.